फाटक नसलेला कारखाना

नागपूरच्या कामगार चळवळीचा इतिहास गिरणीच्या भोंग्यापासून सांगावयाचा, अशी रीत पडून गेली आहे. आणि ती रीत वावगी नाही. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली, मागाहून मॉडेल मिल आली, आणि या गिरण्यांच्या आसऱ्याने जो कामगारवर्ग शहरात वसला त्याने नागपुरास सभा, संप आणि रुईकरांसारखे पुढारी दिले. कामठीस बाबू हरदासांनी विडी कामगारांना एकत्र केले. १९२९ च्या अखेरीस अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली याच शहरात भरले. व्हिटले कमिशनवर बहिष्कार घालावा की नाही, या व अशा प्रश्नांवर तेथे फूट पडून ना. म. जोशी, व्ही. व्ही. गिरी आदी मंडळी बाहेर पडली. आणि फुटलेल्यांना पुन्हा जोडण्याचा समझोता १९३८ साली झाला तोही नागपुरातच. पुढे भाई बर्धन येथूनच देशाच्या कामगार चळवळीत गेले. भारतीय मजदूर संघाचे संस्थापक दत्तोपंत ठेंगडी वर्धा जिल्ह्यातील आर्वीचे. तेव्हा डावा म्हणा, उजवा म्हणा, कोणत्याही मताच्या संघटनेला नागपूरचे ऋण आहे.

अशा या शहरावरून रात्रंदिवस मालमोटारी धावतात. मुंबई-कलकत्ता आणि वाराणसी-कन्याकुमारी हे देशातील दोन मोठे रस्ते येथे एकमेकांस छेदतात. जुन्या लोकांच्या तोंडी ते अजून सहा नंबर आणि सात नंबर आहेत. सरकारी कागदावर ते आता त्रेपन्न आणि चव्वेचाळीस झाले. चंद्रपूर-वणीचा कोळसा, गोंदिया-भंडाऱ्याचा तांदूळ, यवतमाळचा कापूस, काटोल-वरुडची संत्री हे सारे त्यांवरून जाते. महालाच्या बोळांत दहा चाकी गाडी शिरत नाही, म्हणून इकडच्या लोकांना तिची फारशी ओळख नसेल. परंतु बडकस चौकातल्या दुकानात जो माल दिसतो तो कधी ना कधी वाडीला, कळमन्याला किंवा कापसीला मालमोटारीतूनच उतरलेला असतो. ती मोटार चालविणाऱ्या माणसाला आणि त्याच्या किन्नराला मात्र आपल्या चळवळीच्या इतिहासात एखादा परिच्छेदही मुश्किलीने मिळतो. विड्या वळणाऱ्या बायांची संघटना झाली, हमालांची झाली, रिक्षावाल्यांची झाली. मालमोटारीवरील कामगारांची टिकाऊ संघटना का झाली नाही, हा आजचा प्रश्न आहे.

याचे एक सोपे उत्तर लोक देतात. ड्रायव्हर अडाणी, भटका, व्यसनी. त्याची संघटना कशी व्हावयाची? आम्हांस हे उत्तर मान्य नाही. गिरणीत प्रथम आलेला मजूर काही पदवीधर नव्हता, आणि दारूच्या दुकानाची वाट त्यालाही ठाऊक होती. तरी त्याची संघटना झाली. कारण माणसाच्या स्वभावात न शोधता कामाच्या मांडणीत शोधले पाहिजे.

गिरणीला फाटक असते. एका ठरलेल्या वेळी हजारो माणसे त्या एका फाटकातून आत जातात आणि एका ठरलेल्या वेळी बाहेर येतात. त्या फाटकावर पत्रक वाटता येते, द्वारसभा घेता येते, पगाराच्या दिवशी वर्गणी गोळा करता येते, आणि वेळ आली तर फाटक अडविताही येते. मालक एक, मजूर अनेक, भाव एक. मालमोटार हा दोन माणसांचा कारखाना आहे, आणि तो सतत चालता आहे. आज तो रायपुरास असेल, परवा हैदराबादेस. त्यातील दोघांची गाठ दुसऱ्या दोघांशी पडते ती ढाब्यावर, टोलनाक्यावर किंवा माल उतरण्याची वाट पाहताना. मालक कोण, हेही सहज सांगता येत नाही. गाडी एकाची, बिल्टी दुसऱ्याची, भाडे ठरविणारा दलाल तिसरा, आणि माल चौथ्याचा. पुष्कळदा गाडीचा मालक हा कालपर्यंत ड्रायव्हरच होता आणि कर्जाचा हप्ता थकला तर उद्या पुन्हा ड्रायव्हरच व्हावयाचा आहे. त्याच्या विरुद्ध संप करून मिळवावयाचे काय?

हा धंदा असा विखुरलेला का राहिला, त्यालाही इतिहास आहे. नागपुरास आगगाडी १८६७ साली आली आणि लांबचा माल बैलगाडीवरून तिच्याकडे गेला. मालमोटारीला खरे बळ आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्या बाजारात आल्या तेव्हा. थोड्या भांडवलात एखादी गाडी घ्यावी, परवाना मिळवावा आणि स्वतःच चालवावी, असा तो धंदा पडला. १९३९ च्या मोटार कायद्यात परवान्याची पद्धत होती. ती रेल्वेला स्पर्धा होऊ नये या काळजीने पुष्कळ अंशी आखली गेली होती. १९५९ साली मसानी समितीने या धंद्याची पाहणी केली तेव्हा हीच फुटकळ मालकी तिच्या डोळ्यांत भरली, आणि लहान मालकांनी एकत्र येऊन मोठे, टिकाऊ गट करावेत असे तिने सुचविले. मालकांनी ते मनावर घेतले नाही. विखुरलेले राहणे त्यांना परवडत होते, आणि न परवडणारा भाग ते ड्रायव्हरच्या झोपेतून वसूल करीत होते.

आता याच्या शेजारी उतारूंची मोटार ठेवून पाहा. लायसन्स सारखाच, रस्ता तोच, ऊन तेच. परंतु उतारू वाहतूक सरकारने हाती घेतली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एस. टी. धावली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि येथील सरकारी मोटारसेवा त्या राज्याच्या महामंडळात मिळाली. तेच पुढे महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ झाले. त्याबरोबर बसच्या ड्रायव्हरला आगार मिळाले, म्हणजेच फाटक मिळाले. हजेरीपट मिळाला, ड्यूटीचा तक्ता मिळाला, आणि पाठोपाठ संघटना आली. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला संप एस. टी. कामगारांनी २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालविला. शासनात विलीन करा, ही त्यांची मुख्य मागणी मान्य झाली नाही. पण मूळ पगारात अडीच ते पाच हजार रुपयांची वाढ सरकारला नोव्हेंबर २०२१ मध्येच जाहीर करावी लागली. संपाच्या बऱ्यावाईटाबद्दल मतभेद असतील. परंतु इतके महिने लढा टिकविणे ट्रकच्या ड्रायव्हरला स्वप्नातही शक्य नव्हते, आणि दोघांत फरक होता तो आगाराच्या फाटकाचा.

या ठिकाणी नागपुरातील एका खटल्याची आठवण द्यावीशी वाटते. येथील मोटार कंपनी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस हिने कामावरून काढलेला एक कामगार एकटाच दाद मागावयास गेला. कंपनीचे म्हणणे असे की, एकट्यादुकट्याची तक्रार म्हणजे औद्योगिक तंटा नव्हे. संघटनेने ती हाती घेतली तरच तो तंटा. हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५६ च्या नोव्हेंबरात न्यायालयाने निकाल दिला. सामान्य नियम कंपनी म्हणते तसाच असला, तरी मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४७ चा जो औद्योगिक तंटे कायदा होता त्यात काढून टाकलेल्या एकट्या कामगारालाही दाद मागण्याची सोय आहे, असे त्यात ठरले आणि कंपनीचे अपील फेटाळले गेले. साऱ्या देशाच्या कायद्यात तशी तरतूद यावयास १९६५ साल उजाडावे लागले. आमच्या मते मोटार कामगाराच्या दृष्टीने या निकालाचे मोल मोठे आहे, कारण रस्त्यावरचा कामगार हा बहुधा एकटाच असतो. मात्र त्या कामगाराजवळ कंपनीत नोकरीस होतो असे सिद्ध करणारे कागद होते. ट्रकवरच्या माणसाजवळ तेवढेही नसतात.

कायद्याने त्याच्याकडे पाहिलेच नाही असे नव्हे. १९३९ च्या कायद्यातच सलग पाच तासांपेक्षा अधिक गाडी हाकू नये, मध्ये अर्धा तास विश्रांती हवी, असे कलम होते. पुढे १९६१ साली मोटार परिवहन कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. दिवसाचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस. लांबच्या फेरीला परवानगीने फार तर दहा आणि चौपन्न. आठवड्यास एक सुट्टी. वीस दिवस कामामागे एक दिवस पगारी रजा. एवढ्या गोष्टी त्यात लिहिल्या होत्या. कायदा वाचताना समाधान वाटावे असा तो होता. परंतु त्याच्या दारातच एक अट उभी होती : ज्याच्याकडे पाच किंवा अधिक मोटार कामगार असतील त्या मालकाला तो लागू. एक-दोन गाड्यांचा मालक अटीबाहेर, म्हणून त्याचा ड्रायव्हर कायद्याबाहेर. राज्य सरकारला ही संख्या कमी करण्याचा अधिकार दिलेला होता. आणि ज्यांच्या गाड्या अधिक होत्या त्यांनी त्या घरातील निरनिराळ्या माणसांच्या नावे दाखविल्या म्हणजे काम भागत असे. तास मोजणारा कोण, हा प्रश्न तर उरलाच. गिरणीत भोंगा होता. गाडीत भोंगा असतो तो पुढच्याला बाजूला करण्यासाठी.

मग ट्रकवाल्यांचे संप जे आपण वर्तमानपत्रांत वाचतो ते काय? ते पुष्कळसे मालकांचे बंद होते. २०१५ च्या ऑक्टोबरात टोलच्या विरुद्ध चक्का जाम झाला, २०१८ च्या जुलैत डिझेलचे भाव, टोल आणि विम्याचे हप्ते यांवरून आठवडाभर झाला. दोन्ही वेळा हाक ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसची, म्हणजे मालकांच्या संघटनेची. मागण्या गैर होत्या असे आम्ही म्हणत नाही. पण त्या आठवड्यात गाडी उभी राहिली म्हणजे ड्रायव्हरचा भत्ताही उभा राहिला, आणि मागण्यांच्या यादीत त्याच्या तासांना वा मजुरीला मानाची जागा नव्हती.

जानेवारी २०२४ मध्ये मात्र निराळे घडले. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात, अपघात करून पोलिसांस न कळविता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. जुन्या कायद्यात निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास जास्तीत जास्त दोन वर्षे होती. वर्षाच्या पहिल्याच दिवशी ठिकठिकाणी ड्रायव्हर गाड्या सोडून खाली उतरले. पळालो नाही तर जमाव मारतो आणि पळालो तर सरकार डांबते, ही त्यांची भीती खरी होती. तसेच, रस्त्यात तडफडणाऱ्याला टाकून गाडी पुढे जाते तेव्हा त्याच्या घरच्यांचा संतापही खरा असतो. नागपुरात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि शहराला दोन दिवसांत कळले की आपण कोणाच्या जिवावर जगतो. २ जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिवांनी बोलणी केली आणि हे कलम सल्लामसलतीवाचून लागू होणार नाही, असे आश्वासन दिले. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा तेवढे पोटकलम खरोखरच वगळले गेले. हा विजयच होय. परंतु बोलणी कोणाशी झाली, ते लक्षात घ्या. तुरुंगात जाण्याची भीती ड्रायव्हरला, रस्त्यावर उतरला ड्रायव्हर, आणि सरकारसमोर खुर्चीवर बसली मालकांची संघटना. दुसरे कोणी बसावयास नव्हतेच. फाटक नाही म्हणून संघटना नाही, आणि संघटना नाही म्हणून खुर्ची नाही.

तर मग मालमोटार कामगाराला फाटक मिळणे अशक्यच आहे काय? इतिहास तसे म्हणत नाही. गाडी चालत असते हे खरे; परंतु ती कोठेतरी थांबतेच, आणि जेथे माल चढतो व उतरतो तेथे ती नेहमी थांबते. ज्यांनी ही थांबण्याची जागा हेरली त्यांना यश आले.

अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात १९३४ साली ट्रक कामगारांचा मोठा संप झाला. तेथील संघटनेने फेब्रुवारीच्या कडाक्यात कोळशाच्या वखारींवर पहिली लढाई जिंकली. थंडीत कोळसा न मिळणे म्हणजे काय हे शहराला कळत होते. पुढे मे आणि जुलैत लढा वाढला. २० जुलैस पोलिसांनी गोळीबार केला, त्यात दोन कामगार मेले आणि साठांहून अधिक जखमी झाले. त्या झगड्यातील कळीचा मुद्दा मजुरीच्या दराइतकाच दुसरा एक होता. ड्रायव्हरांच्या संघटनेत गुदामाच्या आत माल हलविणारे मजूर घ्यावयाचे की नाही? मालक ड्रायव्हरांपुरते मान्य करावयास तयार झाले, आतल्या मजुरांचे नाव मात्र काढू देईनात. ड्रायव्हर हटले नाहीत, आणि ऑगस्टातील तडजोडीत आतले मजूरही आले. चालविणारा आणि चढविणारा एक झाले की गाडी मधेच अडविण्याची गरज उरत नाही, ती दोन्ही टोकांना आपोआप अडते. याच बळावर १९३८ साली अकरा राज्यांतील लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरांचा एकच करार झाला, आणि १९६४ साली तो देशभरचा झाला. त्या संघटनेच्या पुढाऱ्यांना पुढे भ्रष्टाचाराची कीड लागली, आणि १९८० च्या कायद्याने धंदा खुला झाल्यावर तिचा जोरही ओसरला. तरी मूळ धडा खोटा ठरत नाही.

आपल्याकडे हा धडा अर्धा गिरविला गेला, आणि तो महाराष्ट्रानेच गिरविला. मुंबईच्या धान्यबाजारात व गोद्यांत पाठीवर ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांना अण्णासाहेब पाटलांनी संघटित केले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्या कायद्याची युक्ती नीट समजावून घेतली पाहिजे. हमालाचाही मालक रोज निराळा असे. कायद्याने मालक कोण हा वाद बाजूस ठेवला आणि मंडळ नेमले. त्यात व्यापारी, कामगार व सरकार या तिघांचे प्रतिनिधी. कामगाराची नोंद मंडळाकडे, व्यापाऱ्याची नोंदही मंडळाकडे. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही मंडळात भरावयाची. मंडळाने कामगाराला मजुरी द्यावयाची आणि लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, रजा, औषधपाणी पाहावयाचे. फाटक नव्हते तेथे कायद्याने फाटक बांधून दिले. नागपुरातही असे मंडळ झाले.

परंतु ट्रकात माल चढविणे व उतरविणे हे काम त्या कायद्यात आले. ट्रक चालविणे आले नाही. एकाच फळकुटावरून दोन कामगार वर चढतात, त्यांपैकी पाठीवर पोते असलेला कायद्यात आणि हातात स्टिअरिंग असलेला कायद्याबाहेर. इतकेच नव्हे, तर दोघांत भांडण लागले. चढ-उताराची वाराई पुष्कळ ठिकाणी गाडीवाल्याकडून वसूल होते, म्हणजे ड्रायव्हरला दिलेल्या खर्चीतून जाते. म्हणून ड्रायव्हर हमालाला लुटारू समजतो. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची घोषणा त्यातूनच निघाली. घोषणा रास्त आहे. हमालीचा बोजा माल पाठविणाऱ्याने वा घेणाऱ्याने उचलावा, यात वाद नाही. आणि माथाडीच्या नावाखाली जे उपटसुंभ पैसे उकळतात त्यांचा बंदोबस्त व्हावा, यातही नाही. आमचे म्हणणे इतकेच की, ती घोषणा अर्ध्यावर थांबली. ज्याचा माल त्याचा हमाल, तर ज्याचा माल त्याचाच ड्रायव्हर का नव्हे?

हा प्रश्न आज निकडीचा झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९६१ चा मोटार कामगार कायदा त्यांत विलीन झाला. जुन्या कायद्याची अट पाच कामगारांची होती; नव्या संहितेत मोटार परिवहन आस्थापनेची व्याख्या दहा कामगारांपासून सुरू होते. आधीच जी चाळणी मोठ्या भोकांची होती तिची भोके दुप्पट झाली. दुसरीकडे त्याच संहितांपैकी सामाजिक सुरक्षेच्या संहितेत ॲपवरून काम देणाऱ्या कंपन्यांनी आपल्या उलाढालीचा एक ते दोन टक्के भाग कामगारांच्या निधीत द्यावा असे तत्त्व आहे, आणि तिच्या परिशिष्टात मालवाहतुकीची सेवाही आहे. मालक नक्की कोण हे न विचारता व्यवहारावरच वर्गणी बसविणे, हे माथाडी कायद्याचेच तत्त्व होय. ॲपवरच्या टेम्पोवाल्याला जे मान्य केले ते बिल्टीवरच्या ट्रकवाल्याला नाकारण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

तास मोजावयाचे कसे, असे कोणी विचारील. सरकारला गाडी कोठे आहे हे आज घटकाघटकाला कळते. २०२१ पासून प्रत्येक टोलवर फास्टॅगची नोंद होते. मालाबरोबर ई-वे बिल असते, आणि मालाच्या त्या कागदाला मुदतही आहे : पूर्वी १०० किलोमीटरला एक दिवस, १ जानेवारी २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस. म्हणजे मालाने दिवसात किती चालावे हे कायद्याने ठरविले. माणसाने किती तास जागावे हे मोजावयाचे राहिले. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून मुंबईपर्यंत पुरा झाला, ७०१ किलोमीटरचा. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनणाऱ्या ट्रकांत ड्रायव्हरच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले. वैशाखात नागपूरचा पारा कोठे जातो हे जाणणारा कोणीही त्याचे स्वागत करील. पण थंड केबिनमध्ये झोप अधिकच येते. झोपेवर उपाय झोप हाच आहे, आणि ती मजुरीसकट मिळाली पाहिजे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. वाडी, कळमना आणि कापसी या तीन ठिकाणी नागपूरची गाडी थांबते. तेथेच ड्रायव्हर व किन्नर यांची नोंद करणारे मंडळ हवे, माथाडी मंडळाच्या धर्तीवर आणि शक्यतो त्याच्या शेजारी. लेव्ही बिल्टीवर बसावी, ती माल पाठविणाऱ्याने भरावी, आणि नोंदीच्या पुस्तकात फेरीचे तास मांडले जावेत. विडी कामगारांच्या कल्याणासाठी १९७६ साली विडीवर उपकर बसला होता. २०१७ साली जीएसटी आला आणि तो गेला. तेव्हा कायद्याने दिलेले कायदाच काढून घेऊ शकतो, हे ध्यानात ठेवूनच हे काम केले पाहिजे. मंडळाच्या मागे सभासद उभे नसतील तर मंडळ म्हणजे एक कपाट आणि एक कारकून. ते सभासद हमालांच्या शेजारी बसूनच मिळतील. हमालाशी भांडून ड्रायव्हरची संघटना बांधता येईल असे आम्हांस वाटत नाही. मिनियापोलिसच्या ड्रायव्हरांनी गुदामातल्या मजुराला सोडले नाही. नागपूरच्या ड्रायव्हराने आणि माथाड्याने एकमेकांना धरले, तर पुढच्या बोलण्यांच्या वेळी खुर्ची रिकामी राहणार नाही.